सगळ्यांचा शब्द

ज्या गोष्टीसाठी आपण कधी एक पैसा मोजला नाही, ती कोणी विकली तर वाईट वाटून घ्यायचा आपल्याला काय हक्क? २०२२च्या फेब्रुवारीत आमच्या घरात हा वाद बरेच दिवस चालला. ३१ जानेवारीला 'द न्यूयॉर्क टाइम्स'ने 'वर्डल' हा शब्दखेळ विकत घेतल्याचं जाहीर केलं. त्यांची ती संध्याकाळ, आपल्याकडे १ फेब्रुवारीची पहाट. बजेटचा दिवस. सगळ्या देशाचे डोळे दिल्लीकडे लागलेले, आणि बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आत्या विचारत होती, "म्हणजे आता पैसे भरायला लागणार का गं?"

मला पैशांपेक्षा वेगळंच काहीतरी खुपत होतं. ते काय, हे तेव्हा धड सांगता येत नव्हतं. मधे बरंच पाणी वाहून गेलंय, म्हणून आता लिहून बघते.

ज्यांनी खेळ पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द ओळखायचा. संधी सहा. अक्षर बरोबर जागी पडलं तर चौकट हिरवी, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळी, नाहीच तर राखाडी. दिवसाला एकच शब्द, आणि तो जगभर सगळ्यांना सारखाच. कल्पना तशी जुनी आहे. 'जॉटो' नावाचा कागद-पेन्सिलीचा असाच खेळ अमेरिकेत १९५५मध्ये आला होता, 'लिंगो' हा टीव्हीवरचा कार्यक्रम १९८७चा. पण दिवसाला एक आणि सगळ्यांना तोच, हे दोन नियम एकत्र आले आणि काहीतरी वेगळंच घडलं.

आमच्या घरी हा खेळ आणला माझ्या धाकट्या भावाने. तो टोरंटोला असतो. २०२१च्या डिसेंबरात त्याने घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रंगीत चौकटींच्या पाच ओळी टाकल्या, खाली ना शब्द ना स्पष्टीकरण. आत्याला वाटलं त्याच्या फोनमध्ये बिघाड झाला. मग त्याने फोन करून समजावलं, आणि दुसऱ्या दिवसापासून आत्या त्यात शिरली ती शिरलीच. आत्या निवृत्त शिक्षिका. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. तिचा पहिला शब्द ठरलेला असायचा, 'स्लेट'. तो चांगला का, याची गणितं मांडणारे लोक जगात आहेत हे तिला खूप नंतर कळलं. तिने तो निवडला होता तो दोन वेगळे स्वर आणि तीन नेहमीची व्यंजनं एकदम तपासून होतात म्हणून. सकाळचा चहा झाला की ती झोपाळ्यावर बसायची, पायाने हलका झोका चालू, चष्मा कपाळावर सरकवलेला (जवळचं तिला चष्म्याशिवाय चांगलं दिसतं) आणि ओठांनी अक्षरं पुटपुटत. राखाडी झालेली अक्षरं ती बोटांवर मोजून लक्षात ठेवायची. खालच्या कळफलकावर ती आपोआप राखाडी होतात हे मी दाखवलं, तर म्हणाली, "मला दिसतंय. पण डोक्यात राहिली पाहिजेत."

आमचा एक अलिखित नियम झाला होता. शब्द बदलायचा ज्याच्या त्याच्या घड्याळात रात्री बारा वाजता. म्हणजे आत्याचा सोडवून व्हायचा तेव्हा टोरंटोत आदल्या दिवसाची संध्याकाळ असायची, भावाला नवा शब्द मिळायला आमचे सकाळचे साडेदहा वाजायचे. तोपर्यंत ग्रुपवर फक्त चौकटी. पुण्याची मावसबहीण, मी, आत्या, आणि पुढे शेजारच्या बेनसुद्धा, सगळ्या आपापले रंग टाकून गप्प. त्या चौकटींची खुबी अशी की त्यातून सगळं कळायचं आणि शब्द मात्र कळायचा नाही. चौथ्या ओळीपर्यंत सगळं राखाडी आणि पाचवी एकदम हिरवी दिसली की ओळखायचं, आज ही बया घाबरली होती पण सुटली. दुपारी मग त्यावर मनसोक्त बोलायचं.

ही चौकटींची युक्तीही मुळात खेळ बनवणाऱ्याची नव्हती. न्यूझीलंडमधल्या एका खेळाडूने आपले निकाल रंगीत चौकोनांच्या चिन्हांनी हाताने टाइप करून दाखवायला सुरुवात केली. ते पाहून जॉश वार्डलने डिसेंबर २०२१मध्ये खेळातच तशी सोय करून दिली. हे मी मुद्दाम सांगते आहे. खेळ ज्याच्यामुळे जगभर पसरला, तो भाग खेळणाऱ्यांनी दिलेला होता.

जॉश वार्डल मूळचा वेल्सचा, न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनला राहणारा सॉफ्टवेअर इंजिनियर. २०१३मध्ये त्याने या खेळाचा एक कच्चा आराखडा केला होता आणि तसाच बाजूला ठेवला होता. कोरोनाच्या काळात तो आणि त्याची जोडीदार पलक शहा घरात अडकले, दोघं टाइम्सची कोडी सोडवू लागले, आणि त्याला तो आराखडा आठवला. त्याने तो तिच्यासाठी पुरा केला. इंग्रजीत पाच अक्षरांचे १२ हजारांच्या आसपास शब्द निघतात, त्यातले निम्म्याहून अधिक कोणी कधी वापरत नाही. तर ती सगळी यादी पलक शहाने बसून चाळली, ओळखीचे शब्द वेगळे काढले आणि २५०० च्या आसपास ठेवले. शहा हे आडनाव बडोद्यात दर चार दारांमागे एक सापडतं, त्यामुळे आमच्या बेनना हे कळल्यावर खेळाबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली. मला आवडलं ते वेगळंच. शब्दांची यादी एका माणसाने दुसऱ्या एका माणसासाठी हाताने निवडलेली होती. ते खेळताना जाणवायचं. शब्द अडवायचा, पण हिणवायचा नाही.

ऑक्टोबर २०२१मध्ये त्याने तो सगळ्यांसाठी खुला केला. १ नोव्हेंबरला खेळणारे होते ९०. २ जानेवारीला ३ लाखांच्या वर. त्यानंतर आठवडाभरात २० लाखांच्या पुढे. आणि एवढं होऊनही त्या पानावर एकही जाहिरात नव्हती. नाव विचारत नव्हतं, ईमेल मागत नव्हतं, संध्याकाळी 'आज खेळला नाहीत' म्हणून टोचणी लावत नव्हतं. एक शब्द झाला की पुढचा थेट उद्या. आपला याहून जास्त वेळ त्याला नकोच आहे, असं वार्डलने मुलाखतीत सांगितलं होतं. मी कॉलेजात मुलांना कॉम्प्युटर शिकवते. माणसाला स्क्रीनसमोर खिळवून कसं ठेवायचं याचं एक आख्खं शास्त्र झालेलं मला माहीत आहे. म्हणून मला हे पान इतकं प्रिय होतं. ते आपलं काम करून बाजूला व्हायचं.

आणि मग ते विकलं गेलं. रक्कम नेमकी सांगितली नाही, सात आकडी डॉलर आणि त्यातही खालच्या बाजूची, एवढंच. त्याच महिन्यात टाइम्सने 'द अॅथलेटिक' ही खेळांच्या बातम्यांची कंपनी ५५ कोटी डॉलरला घेतली होती, तिच्यापुढे ही रक्कम चिल्लरच म्हणायची. टाइम्सचा हिशेब सरळ होता. त्यांना वर्गणीदारांचा आकडा १ कोटीवर न्यायचा होता. निव्वळ बातम्यांसाठी वर्गणी भरणारे मर्यादित असतात. पण शब्दकोडं, पाककृती, अशा गोष्टींसाठी माणूस रोज येतो. १९४२पासून ते शब्दकोडं छापतात, त्यांना रोज येण्याची किंमत माहीत होती. खेळ 'सुरुवातीला' सर्वांना मोफतच राहील, असं त्यांनी निवेदनात म्हटलं. त्या 'सुरुवातीला'वरच आमच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त खल झाला.

मी भावाला विचारलं, यात विकत घेण्यासारखं नेमकं होतं काय? नियम जुने. कोड इतका साधा की आख्खा खेळ, पुढच्या कित्येक वर्षांच्या शब्दांच्या यादीसकट, ब्राउझरमध्ये उतरलेला असायचा. विक्रीची बातमी आली तशी जगभर असंख्य लोकांनी ते पान आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलं. माझ्या भावानेही ठेवलं. इंटरनेट बंद केलं तरी ते चालायचं, २०२७पर्यंत पुरतील इतके शब्द त्यात होते. म्हणजे खेळ तर आमच्याकडे होता! तसा कोणीही नवा बनवू शकत होता, आणि शेकड्यांनी बनवलेही होते.

मग त्यांनी काय घेतलं? माझं उत्तर असं की त्यांनी आमची सकाळ घेतली. लाखो लोक रोज एकाच वेळी नव्हे, पण एकाच शब्दापाशी येतात, ही सवय घेतली. भावाने उतरवलेलं पान तसंच चालत असूनही आम्ही ते कोणी वापरलं नाही, याचं कारण हेच. त्या पानावर खेळलं असतं तर शब्द ओळखता आला असता, पण तो बाकीच्यांचा शब्द असेलच याची खात्री राहिली नसती. आणि ही सवय वार्डलने एकट्याने घडवलेली नव्हती. त्याने चौकट दिली, पलक शहाने शब्द दिले, न्यूझीलंडच्या बाईंनी रंग दिले, आणि आत्यासारख्या लाखो माणसांनी रोज येऊन ती भरली. व्यवहार झाला तो मात्र एका माणसात आणि एका कंपनीत.

वार्डलवर माझा राग नाही, हे अगदी स्पष्ट म्हणते. ते पान त्याचं होतं. लाखो लोकांचा भार एकटा माणूस आपल्या नोकरीनंतरच्या वेळात किती दिवस वाहणार? त्याच जानेवारीत त्याचा खेळ जसाच्या तसा उचलून अॅप काढणारे निपजले, त्यासाठी लोकांकडून पैसेही घेऊ लागले. हे सगळं फार दडपण आणणारं होतं, असं त्याने स्वतः लिहिलं. त्याने विकला नसता तर तो थकून बंदही पडला असता. आत्याचं म्हणणं तर याहून सरळ होतं. "मुलाने मेहनत केली, पैसे मिळाले, चांगलं झालं. तू कशाला तोंड पाडून बसलीस?"

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात खेळ टाइम्सच्या पत्त्यावर गेला. काही लोकांची सलग जिंकण्याची मालिका त्या बदलात तुटली, कारण ती ज्याच्या त्याच्या ब्राउझरमध्येच साठवलेली असायची. त्यावर ओरड झाली, टाइम्सने दुरुस्ती केली. आमच्या घरी तसं काही झालं नाही, आत्याची मालिका शाबूत राहिली. मला जास्त लागला तो १५ फेब्रुवारीचा दिवस. टाइम्सने यादीतले काही अवघड आणि काही टोचणारे शब्द काढून टाकले होते, पण ज्यांचं पान ताजं झालं नव्हतं त्यांच्याकडे जुनीच यादी चालू होती. त्यामुळे त्या दिवशी काहींचं उत्तर होतं 'अगोरा' आणि काहींचं 'अरोमा'. दोन उत्तरं! पुढे ९ मेला पुन्हा तेच झालं. त्या दिवसाचा जुन्या यादीतला शब्द गर्भाशी संबंधित होता, आणि अमेरिकेत त्याच सुमाराला गर्भपाताच्या कायद्यावरून रान पेटलं होतं. टाइम्सने सांगितलं की हा निव्वळ योगायोग आहे, आणि घाईने शब्द बदलला. पुन्हा काहींना जुना, काहींना नवा.

शब्द बदलण्यामागची कारणं मला पटली होती, काही शब्द खरोखरच सकाळी सकाळी समोर नको असे होते. तरी 'सगळ्यांना एकच' हा जो या खेळाचा प्राण, तो इतक्या सहज दुभंगू शकतो, हे तेव्हा दिसलं. आतापर्यंत आपण जे सार्वजनिक समजत होतो ते कोणाच्या तरी कपाटात आहे आणि किल्ली त्याच्याकडे आहे, याची जाणीव झाली. ती वार्डलकडे होती तेव्हाही हेच खरं होतं. फक्त त्याने ती कधी फिरवली नव्हती, म्हणून कुलूप दिसलं नव्हतं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २०२२च्या नोव्हेंबरात ट्रेसी बेनेट यांची वर्डलसाठी खास संपादक म्हणून नेमणूक झाली, शब्द निवडले जाऊ लागले. जुने शब्द पुन्हा खेळता येतील असं एका चाहत्याने बनवलेलं पान मार्च २०२२मध्येच टाइम्सच्या सांगण्यावरून बंद झालं होतं. मे २०२४मध्ये टाइम्सने स्वतःचा तसा संग्रह उघडला तो वर्गणीदारांसाठी. आणि त्याआधी, २०२४च्या मार्चमध्ये, वर्डलसारखे खेळ बनवणाऱ्या कितीतरी हौशी लोकांना कायद्याच्या नोटिसा गेल्या. त्यात लहानसहान भाषांतले खेळही होते. हिरव्या-पिवळ्या चौकटींवर आपला हक्क आहे असा टाइम्सचा दावा. ज्या चौकटींची नक्कल करून करून लोकांनी हा खेळ दारोदार पोचवला, त्याच चौकटी. हे मात्र मला तेव्हा चुकीचं वाटलं आणि आजही वाटतं. रोजचा एक शब्द अजून मोफत आहे, हेही खरं. आत्याची भीती खोटी ठरली, त्याबद्दल टाइम्सला श्रेय द्यायलाच हवं.

पण मग मोफत म्हणजे तरी काय, हा प्रश्न उरतोच. आणि बडोद्यात राहून या प्रश्नाचा विचार करायचा तर पाय आपोआप मांडवीकडे वळतात, सेंट्रल लायब्ररीकडे.

सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतल्या ग्रंथालयांची व्यवस्था पाहिली आणि १९१०मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं. महाराजांच्या स्वतःच्या संग्रहातली सुमारे २० हजार पुस्तकं या ग्रंथालयाचा पाया ठरली. त्याआधी चारच वर्षं, १९०६मध्ये, संपूर्ण संस्थानात सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झालं होतं. शिकलेल्या माणसाला वाचायला काही मिळालं नाही तर तो शिकलेलं विसरेल, इतका साधा विचार त्यामागे होता. लहानपणी बाबांचं बोट धरून मी तिथे जायची. पुस्तकांच्या मजल्यांची जमीन तिथे जाड काचेची आहे, उजेड वरून खालपर्यंत झिरपावा म्हणून, आणि मांडण्या लोखंडी, आग लागू नये म्हणून. वरच्या मजल्यावर कोणी चाललं की त्याच्या पावलांची सावली आपल्या डोक्यावरून सरकायची. मी पुस्तक सोडून तिकडेच बघत राहायची. बाबा मराठी विभागात हरवलेले.

पण मला आता जास्त मोलाचं वाटतं ते शहरातल्या ग्रंथालयाच्या पलीकडचं. खेड्यापाड्यांसाठी महाराजांनी दोन गोष्टी केल्या. एक, लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालयं पाठवली. आणि दुसरी, गावाला स्वतःचं ग्रंथालय हवं असेल तर एक अट घातली. गावाने काही रक्कम उभी करायची. तेवढीच रक्कम प्रांत पंचायत देणार, आणि तेवढीच सरकार. म्हणजे खर्चाचा तिसरा हिस्सा गावाचा. एका महाराजाला, ज्याने लक्ष्मी विलास पॅलेस बांधला, खेड्यातल्या ग्रंथालयाचे सगळे पैसे देणं जड नव्हतं. तरी त्यांनी दिले नाहीत. वाचणाऱ्याला पुस्तक फुकटच मिळायचं, पण गावाने हिस्सा उचललेला असायचा. मग ग्रंथालय कुठे ठेवायचं, कोणाच्या ताब्यात द्यायचं, कोणती पुस्तकं मागवायची, यात गावाला बोलायची जागा आपोआप मिळायची.

दोन प्रकारची मोफत असते, हे मला या ग्रंथालयांच्या गोष्टीतून उमगलं. एकीत देणारा भला असतो, आणि त्याचं भलेपण असेतो सगळं ठीक चालतं. वार्डल असा होता. दुसरीत वापरणाऱ्यांनी थोडा थोडा भार उचललेला असतो. वर्डलच्या बाबतीत आम्ही खेळणाऱ्यांनी सकाळ दिली, रंग दिले, गप्पा दिल्या, पण भार कुणी उचलला नव्हता, कारण कुणी मागितलाच नव्हता. आणि आम्हालाही सुचलं नव्हतं. लाखो लोकांनी वर्षाला पाच-दहा रुपयांइतकं जरी दिलं असतं, तरी तो खेळ कुणाच्याही मालकीचा न होता चालला असता असं माझं मन सांगतं. विकिपीडिया याच रीतीने चालतो. वाचकांच्या देणग्यांवर, जाहिरातीशिवाय, इतकी वर्षं. तिथेही भांडणं आहेत, पण उद्या सकाळी तो कुणी विकत घेतला अशी बातमी येणार नाही.

हे सगळं बोलताना एक दिवस आत्याने सरळ जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि पट्टीने चौकटी आखल्या. "इंग्रजीचं पुरे. मराठीत काढू."

आणि मग खरी मजा सुरू झाली, कारण मराठीत हा खेळ तसाच्या तसा बसत नाही. इंग्रजी अक्षर सुटं असतं, आपलं अक्षर काना-मात्रा-वेलांटी घेऊन येतं. आम्ही तीन अक्षरी शब्द ठरवले. आत्याने मनात धरला 'कावळा'. मी पहिला शब्द टाकला 'पाऊस'. काहीच नाही. मी हुज्जत घातली, पहिल्या घरात 'पा'ला काना आहे, 'का'लाही काना आहे, त्याचे अर्धे गुण द्या! आत्या म्हणाली, "काना सगळीकडेच मिळतो. त्याला कसले गुण?" ते मला मानावंच लागलं. दुसरा शब्द 'कविता'. इथे पेच आला. 'क' बरोबर जागी, पण काना नाही. 'व' बरोबर जागी, पण वेलांटी जास्तीची. हिरवं द्यावं तर खोटं, पिवळं द्यावं तर जागा चुकली असा समज होणार. आत्याने थोडा विचार केला आणि नातवाच्या पेटीतली निळी पेन्सिल घेऊन दोन्ही घरांत एकेक टिंब काढलं. टिंब म्हणजे व्यंजन बरोबर, जागा बरोबर, स्वर चुकला. मग 'कावड', दोन घरं हिरवी, आणि चौथ्यात सुटलं.

त्या टिंबाने खेळ आपला झाला. जोडाक्षर हे एकच घर, यावर एकमत झालं. ऱ्हस्व-दीर्घाला टिंब द्यायचं की सवलत, यावर मात्र झालं नाही. शेजारच्या बेन देवनागरी सहज वाचतात आणि मराठी आमच्याइतकीच बोलतात, दांडिया बाजारात जन्म गेलाय. पण वेलांटी पहिली की दुसरी हे त्यांना मराठीत अडतं, आणि खरं सांगायचं तर आमच्या घरातल्या पुढच्या पिढीलाही अडतं. आत्या या बाबतीत शिक्षिकाच राहिली. सवलत नाही.

कागदावर टोरंटो येईना, म्हणून भावाने एक छोटंसं पान बनवलं. दिवसाला एक शब्द, सगळ्यांना तोच, टिंबासकट. ते हळूहळू नात्यागोत्यात पसरलं, मग आत्याच्या जुन्या विद्यार्थ्यांत. पत्त्याच्या नावाचा आणि जागेचा वर्षाचा खर्च किरकोळ आहे. भाऊ म्हणाला, मी भरतो, त्यात काय एवढं? तेव्हा आत्या आणि मी दोघीही एकदम नाही म्हणालो. सगळ्यांनी थोडे थोडे काढायचे, मुलांनीही, मग ते खाऊच्या पैशातले का असेनात. बेननी आपला हिस्सा पहिल्याच दिवशी पाकिटात घालून आणून दिला, वर एक रुपया चिकटवलेला.

हिस्सा दिला की माणूस बोलायला लागतो, हे मग लगेच दिसलं. शब्दांची यादी कोणाची, यावरून. भावाने सुरुवातीला एका शब्दकोशातून काढलेली यादी टाकली होती. आत्याने चाळली आणि विचारलं, यात 'ढोकळा' आहे, 'खाखरा' नाही, हे कसं? 'हिंचका' का नाही? आमच्या घरात झोपाळ्याला निम्मे लोक हिंचका म्हणतात. मग 'भाखरी' आली. पुण्याच्या मावसबहिणीने ती छपाईची चूक समजून खोडली आणि 'भाकरी' केली. इकडून आत्याचा निरोप गेला की भाकरी ज्वारीची, हाताने थापलेली, आणि भाखरी गव्हाची, मोहन घालून घट्ट भिजवलेली, तव्यावर दाबून दाबून खरपूस केलेली. आमच्या ओट्यावर दोन्ही होतात. दोन्ही यादीत राहतील. मावसबहिणीचं म्हणणं असं की मग उद्या गुजरातीतला प्रत्येक शब्द येईल, आणि नागपूरच्या, इंदूरच्या, तंजावरच्या माणसाने काय करायचं? तिचा मुद्दा खोटा नाही. पण नागपूर, इंदूर आणि तंजावरच्या माणसांनीही आपले शब्द आणावेत, असं मला वाटतं. यादी कोणीतरी एकाने स्वच्छ करावी यापेक्षा ती थोडी भांडत राहावी.

शेवटी असं ठरलं की दर आठवड्याला एका घराने शब्द निवडायचे, आणि त्या आठवड्यात बाकीच्यांनी तक्रार करायची पण खोडायचं नाही. मावसबहिणीच्या पाळीत आम्हाला 'पगडी' आणि 'वरण' सोपे गेले, 'चासकमान'वर मी आक्षेप घेतला. ते धरणाचं नाव आहे, आणि अक्षरं पाच. तिने ते मागे घेतलं. पुढचा आठवडा बेनचा. त्यांना 'उंधियू' टाकायचा आहे. भावाने लगेच विचारलं आहे की उत्तरात 'उं' असेल आणि कुणी नुसता 'उ' लिहिला तर हिरवं की टिंब, अनुस्वाराचं काय ते नक्की सांगा, त्याला कोड बदलावा लागेल. आत्या म्हणते टिंब. मी म्हणते अनुस्वार स्वर नाही, तेव्हा टिंब कसं चालेल? बेन म्हणतात, रविवारपर्यंत ठरवा, मला पाहुण्यांना सांगून ठेवायचंय.